परदेशी माहितीपट चमूचे स्थानिक काम घेताना: ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवरचे अनुभव

साकेतपूल (धागाकर्ता):

गेल्या महिनाभरात इथल्या तिघा सदस्यांनी मला व्यक्तिगत निरोप पाठवून जवळजवळ एकच प्रश्न विचारला आहे. परदेशातून माहितीपटासाठी येणाऱ्या चमूचे इथले काम अंगावर घ्यायचे असेल तर सुरुवात कोठून करावी? तिघांना वेगवेगळे लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. मी ठाण्यात राहतो, पूर्वी मराठी मालिकांचा निर्मिती व्यवस्थापक होतो आणि गेली ११ वर्षे हेच काम करतो आहे. परदेशी मंडळी या कामाला ‘फिक्सर’ म्हणतात. मला तो शब्द रुचत नाही, कारण आपल्याकडे त्याला क्रिकेटच्या सट्ट्याचा वास येतो. पोलीस ठाण्यात स्वतःची ओळख करून देताना तरी तो वापरू नये. ‘स्थानिक निर्मिती समन्वयक’ म्हटले की समोरचा अधिकारी निदान खुर्ची दाखवतो.

मालिकेच्या सेटवर ऐंशी माणसे असतात आणि प्रत्येक कामाला वेगळा माणूस असतो. माहितीपटाचा चमू तीन-चार जणांचा असतो: दिग्दर्शक, कॅमेरा, ध्वनी आणि फार तर एक सहायक. बाकी सर्व आपण. परवानगी आपण काढायची, इनोव्हा आपण ठरवायची, मुलाखत देणाऱ्या आजींच्या घरी आदल्या दिवशी जाऊन चहा आपण प्यायचा, दुभाषाही आपणच आणि दिग्दर्शकाचे पोट बिघडले तर डॉक्टरकडे नेणारेही आपणच. या कामाचा मोठा हिस्सा पाहुणे विमानातून उतरण्यापूर्वीच संपलेला असावा लागतो. तो संपलेला नसेल तर नंतर कितीही धावपळ केली तरी ती भरून निघत नाही.

पहिली गोष्ट व्हिसाची. परदेशी कथापट आणि मालिका यांचे प्रस्ताव माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीतील चित्रपट सुविधा कार्यालयाकडे (आताचे नाव ‘इंडिया सिने हब’) जातात. हे कार्यालय २०१५ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात सुरू झाले. माहितीपटाचे तसे नाही. त्याचा अर्ज चमूने आपल्या देशातील भारतीय दूतावासाकडे करायचा असतो आणि तो परराष्ट्र मंत्रालयाच्या बाह्य प्रसिद्धी विभागाकडून मंजूर होऊन येतो, व्हिसाही पत्रकारांच्या वर्गातला मिळतो. कथासूत्र, जागांची यादी, माणसांची नावे, उपकरणांची यादी हे सारे त्या अर्जात लागते. जागांची यादी तिकडे बसलेला संशोधक नकाशा पाहून करतो आणि तिथेच घोटाळा होतो. ‘मुंबई’ एवढेच लिहून दिले आणि चित्रीकरण मात्र ऐरोली, करावे, येऊर येथे, असे झाले की इथला अधिकारी कागद हातात धरून विचारतो, यात ठाणे कोठे आहे? म्हणून अर्ज जाण्यापूर्वी ती यादी माझ्याकडे पाठवा, असा मी आग्रह धरतो आणि गावांची नावे जिल्ह्यासकट लिहून देतो.

‘आम्ही पर्यटक व्हिसावर येतो, छोटा कॅमेरा आणतो, कोणाला कळणार नाही’ असे सांगणारा एक तरी मेल दर हंगामात येतो. मी नकार देतो. हा माझा साधूपणा नव्हे. पकडले गेले तर ते लोक पुढच्या विमानाने परत जातील आणि पुन्हा त्यांना व्हिसा मिळणार नाही, एवढेच त्यांचे नुकसान. जबाब नोंदवायला, फोन जमा करायला आणि पुढची पाच वर्षे त्याच पोलीस ठाण्यात परवानग्या मागायला मात्र आपणच येथे असतो.

दुसरी गोष्ट सामानाची. कॅमेरे व लेन्स तात्पुरत्या आणून परत न्यायच्या असल्याने बहुतेक चमू एटीए कार्नेट घेऊन येतात. हे कार्नेट म्हणजे सामानाचा पासपोर्ट समजा. त्यांच्या देशातले व्यापारी चेंबर ते देते, त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते आणि भारताच्या बाजूने फिक्की ही उद्योग-व्यापाऱ्यांची संघटना हमीदार आहे. यादीत प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक असतो आणि सीमाशुल्क अधिकारी तो वस्तूवर शोधतो. एकदा दोन सारख्या लेन्सचे क्रमांक यादीत एकमेकांच्या जागी टंकले गेले होते. त्या एका चुकीपायी आम्ही पहाटे दोनपासून सकाळी सातपर्यंत विमानतळावर बसलो होतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे परत जाताना कार्नेटच्या पांढऱ्या पानावर निर्यातीचा शिक्का घेतलाच पाहिजे. घाईत तो राहिला तर सामान भारतातच विकले असे गृहीत धरून काही महिन्यांनी तिकडच्या चेंबरकडे शुल्काची मागणी जाते आणि मग आपल्याला अत्यंत थंड भाषेतला मेल येतो.

स्थानिक परवानग्यांविषयी प्रतिसादांत विचाराल तसे लिहितो. एकच आधी सांगून ठेवतो, खाडी एक असली तरी काठ तीन आहेत. पश्चिमेला भांडुप-मुलुंडकडे मुंबई पोलीस, टोकाला ठाणे पोलीस आणि पूर्वेला नवी मुंबई पोलीस. त्यावर महापालिका वेगळ्या, जमिनीचा मालक म्हणून सिडको वेगळी, तिवरांसाठी वनखात्याचा कांदळवन कक्ष वेगळा आणि बोटीसाठी सागरी मंडळ वेगळे. ऐरोलीचा पूल ओलांडताना गाडीत बसलेल्या माणसाला काहीच कळत नाही, पण हातातला कागद पुलाच्या मधोमध बदललेला असतो.

नवखी_निर्माती:

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार, साकेतदादा. त्या तिघांपैकी एक मीच. मी नेरूळला राहते आणि जाहिरातपटांच्या निर्मितीत सहा वर्षे काम केले आहे. युरोपातील एका लहान संस्थेला फ्लेमिंगो आणि खाडीतले कोळी यांवर माहितीपट करायचा आहे. व्हिसाचा अर्ज त्यांनी रीतसर केला आहे. जानेवारीतील नऊ दिवस ठरले असून तिकिटेही काढली आहेत. पक्षी नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत असतात, म्हणजे जानेवारी योग्यच म्हणायचा ना?

साकेतपूल:

महिना योग्य आहे, पण तिकिटे काढण्यापूर्वी पंचांग पाहिले होते का? मी थट्टा करत नाही. खाडीतले फ्लेमिंगो घड्याळावर चालत नाहीत, पाण्यावर चालतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते दूरवर पसरून चरतात आणि भरतीने चिखल झाकला की उडून नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या, एनआरआय संकुलाजवळच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात. म्हणजे जवळून पक्षी हवे असतील तर तळ्यावर भरतीच्या वेळी आणि विस्तीर्ण दृश्य हवे असेल तर खाडीत ओहोटीच्या वेळी, अशी दोन वेगळी चित्रीकरणे आहेत.

आता कोळ्यांचा जुना हिशेब लावा. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या बंदरातली पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बारा. खाडीच्या टोकाकडे पाणी आणखी थोडे उशिरा चढते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी भरपूर चढते आणि पक्षी हमखास तळ्यावर येतात. पण ती वेळ दुपारी बाराची, जेव्हा उजेड डोक्यावर असतो आणि गुलाबी पक्षी पांढरा दिसतो. अष्टमीला भरती संध्याकाळी सहाला, उजेड सुंदर. पण ती भांगाची भरती, पाणी जेमतेम चढते, चिखल पुरता झाकला जात नाही आणि पक्षी खाडीतच राहतात. या दोहोंमधले दिवस म्हणजे तृतीया, चतुर्थी, पंचमी. भरती सव्वादोन ते पावणेचारच्या दरम्यान, पाण्यात उधाणाचा जोर अजून शिल्लक आणि पक्षी तळ्यावर स्थिरावेपर्यंत ऊन तिरपे झालेले. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे दोन-अडीच तास चांगला उजेड मिळतो. महिन्यातून असे तीन-तीन दिवस दोनदाच येतात. तुमचे नऊ दिवस कोणत्या तिथींना येतात ते पाहून सांगा.

नवखी_निर्माती:

पाहिले. शुद्ध नवमीला ते उतरतात आणि वद्य द्वितीयेला रात्री परत जातात.

साकेतपूल:

म्हणजे चांगले तीन दिवस सुरू व्हायच्या आदल्या रात्री ते विमानात बसणार. तिकिटे बदलता येतात का ते आजच विचारा. सर्वांनी थांबायची गरज नाही, कॅमेरा आणि ध्वनी असे दोघे थांबले तरी पुरे. खर्चाचे कारण देतील. तेव्हा त्यांना भरतीचा तक्ता आणि तळ्याचे दुपारी बाराचे एक छायाचित्र पाठवा, शब्दांत समजावत बसू नका.

परवानगीचे म्हणाल तर ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले, सुमारे १,६९० हेक्टरांचे आहे आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळही झाले. अभयारण्याच्या हद्दीत चित्रीकरण करायचे तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या २८ व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि ते नागपूरला बसतात. कांदळवन कक्षाचे अधिकारी सहकार्य करतात, पण अर्ज वरपर्यंत जाऊन यायला वेळ लागतो, म्हणून व्हिसाच्या अर्जाबरोबरच हा अर्ज तयार ठेवा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून पर्यटकांसाठी सुटणारी बोट वेगळी आणि चित्रीकरणाची परवानगी वेगळी. तिकीट काढून बसलो म्हणजे चित्रीकरणही करता येते, हा गैरसमज अनेकांचा असतो. नेरूळची तळी त्या हद्दीबाहेर आहेत. तिथे पालिका, सिडको आणि स्थानिक पोलीस ठाणे यांच्याकडे स्वतंत्रपणे विचारावे लागेल.

ऐरोलीकर:

उत्तम माहिती. ड्रोनचे काय? खाडीचे वरून दृश्य नसेल तर हल्ली कोणी माहितीपट घेतही नाही असे ऐकतो. माझ्या भाच्याकडे ड्रोन आहे, तो उडवून देईल म्हणतो.

साकेतपूल:

भाच्याला थांबवा. चमूने स्वतःचा ड्रोन आणायचा प्रश्नच नाही, कारण ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करण्यास बंदी आहे. संशोधन, संरक्षण अशा कारणांखेरीज सवलत नाही. विमानतळावर तो जप्त झाला की पहिला दिवस तिथेच जातो. म्हणून इथला परवानाधारक चालक आणि नोंदणी केलेला ड्रोन घ्यायचा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरवे, पिवळे आणि लाल असे पट्टे डिजिटल स्काय या संकेतस्थळावरील नकाशात दिसतात. हिरव्या पट्ट्यात १२० मीटरपर्यंत वेगळ्या परवानगीविना उडवता येते, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या कड्यात ती मर्यादा ६० मीटर होते आणि त्याहून जवळ गेलात की हिरवा पट्टा संपतो. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून वाहतुकीला खुला झाला. ‘मागच्या वर्षी इथूनच उडवला होता’ असे सांगणाऱ्या चालकावर त्यामुळे मुळीच विसंबू नये. नकाशा चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावा. शिवाय पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात, तोही तपासावा. अभयारण्यावर ड्रोन हा आणखी वेगळा विषय आहे. एका घिरट्यात हजार पक्षी उठतात, वनखाते नाही म्हणते आणि माझ्या मते बरोबरच म्हणते.

ड्रोनइतकाच धोक्याचा पण कोणाच्या लक्षात न येणारा पदार्थ म्हणजे उपग्रह फोन. गिर्यारोहक किंवा समुद्रावर काम करणारे कॅमेरामन सवयीने छोटे उपग्रह संदेशयंत्र पाठपिशवीला अडकवून फिरतात. भारतात परवानगीविना ते बाळगणे गुन्हा आहे आणि केवळ तेवढ्यासाठी परदेशी पर्यटकांना विमानतळांवर अडवून ताब्यात घेतले गेले आहे. मी सामानाच्या यादीबरोबर हा प्रश्न लेखी विचारतो आणि लेखी उत्तर घेतो.

येऊरकर:

थोडे विषयांतर वाटेल, पण आमच्याकडे पाणी नाही, बिबटे आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची येऊरची बाजू ठाण्यात येते आणि इमारतींच्या दिव्यांसमोर उभा बिबट्या हे दृश्य प्रत्येकालाच हवे असते. एका चमूच्या वाहनचालकाने पाड्यावरच्या मुलांना ‘बिबट्या कोठे येतो, एखादी कोंबडी बांधून ठेवता येईल का’ असे विचारले. पाड्यातल्या लोकांनी त्याला हाकलून दिले, पण पुढचे सहा महिने खऱ्या अभ्यासकांनाही तिथे कोणी दारात उभे केले नाही. साकेतपूल यांना विनंती की अशा मागण्यांना काय उत्तर देता ते लिहावे.

साकेतपूल:

येऊरकर, विषयांतर अजिबात नाही. उत्तर एका शब्दाचे आहे, नाही. आमिष दाखवणे कायद्यात बसत नाही आणि राष्ट्रीय उद्यानात रात्री मनास येईल तसे जाताही येत नाही. परवानगी आणि सोबत वनरक्षक हवाच. मी दिग्दर्शकाला सरळ सांगतो की बिबट्या दिसण्याचे मी वचन देणार नाही, पाड्यातल्या माणसांचे बिबट्यासोबत राहणे मात्र दाखवू शकतो. बहुतेकांना तेच अधिक पटते. न पटणारे दुसरा माणूस शोधतात. तो माणूसही त्यांना मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.

करावे_गाव:

मी हा धागा वाचत होतो, लिहिणार नव्हतो. पण ‘आजींच्या घरी जाऊन चहा प्यायचा’ हे वाचून लिहावेसे वाटले. माझ्या काकांनी एका परदेशी चमूला चार दिवस होडीतून फिरवले. जाळे टाकून दाखवले, तेही तीन वेळा, कारण पहिल्या दोन वेळा उजेड बरोबर नव्हता. चार दिवस त्यांची मासेमारी बुडाली. शेवटी मिळाले काय, तर एक टीशर्ट आणि ‘आम्ही मुलाखतीचे पैसे देत नाही, ते आमच्या तत्त्वात बसत नाही’ हे वाक्य. माहितीपट तयार झाला असे ऐकतो, आम्ही तो पाहिला नाही. दुवा उघडला तर ‘आपल्या देशात उपलब्ध नाही’ असे येते. मधल्या स्थानिक माणसाने फोन उचलणे बंद केले. तो तुमच्यासारखाच कोणीतरी समन्वयक होता. आमच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, त्यासाठीच्या १९८४ च्या आंदोलनात पाच जणांचा जीव गेला, त्यावर कोणाला बोलायचे नसते. सर्वांना गुलाबी पक्षी आणि सूर्यास्तातला कोळी हवा असतो.

साकेतपूल:

दादा, तुम्ही लिहिलेत हे बरे झाले. याचे उत्तर मला थोडे लांब द्यावे लागेल.

मुलाखतीचे पैसे द्यायचे नाहीत ही भूमिका मी समजू शकतो. पैसे दिले की माणूस समोरच्याला हवे ते बोलतो, ही भीती खोटी नाही. पण होडी, डिझेल, खलाशाचा रोज आणि बुडालेली मासेमारी यांचा मुलाखतीशी काही संबंध नाही. ती मजुरी आणि भाडे आहे, टॅक्सीचे असते तसेच. तुमच्या काकांच्या बाबतीत ‘तत्त्व’ हा शब्द पैसे वाचवण्यासाठी वापरला गेला आणि मधल्या माणसाने तो जसाच्या तसा भाषांतर करून सांगितला. मी सुरुवातीची दोन वर्षे याहून वेगळा वागत नव्हतो, हे कबूल करतो. आता अंदाजपत्रकात होडी आणि बुडालेला रोज यांची वेगळी ओळ घालतो आणि ती ओळ कापली तर काम घेत नाही. जाळे पुन्हा टाकायला लावायचे असेल तर प्रत्येक वेळेचा हिशेब होतो. तसे ठरले की उजेड पहिल्याच वेळी बरोबर असतो, हा माझा अनुभव आहे.

माहितीपट गावात न दिसण्याविषयी तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. प्रसारणाचे हक्क देशागणिक विकलेले असतात, म्हणून दुवा उघडत नाही. यावर उपाय एकच, करारातच एक कलम घालायचे की प्रसारणानंतर अमुक महिन्यांत गावात एक खासगी दाखवणी होईल आणि त्यासाठी प्रत मिळेल. चित्रीकरणाआधी ते सहज मान्य करतात. नंतर मागितले तर कोणाचे उत्तर येत नाही.

भाषेचेही सांगतो, कारण तिथे मी स्वतः चुकलो आहे. एका वृद्ध कोळ्याने मुलाखतीत म्हटले, ‘खाडी रुसलेय.’ मी पटकन भाषांतर केले की मासे कमी झाले आहेत. दिग्दर्शकाने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न प्रदूषणाच्या आकड्यांवर विचारला. म्हातारबाबांना आकडे सांगायचे नव्हते. खाडी माणसासारखी रुसते आणि तिला समजवावे लागते, हे त्यांना सांगायचे होते, आणि ती वाट मी बंद केली. त्यानंतर मी आगरी-कोळी बोलीतल्या मुलाखतीला गावातलीच एखादी शिकलेली मुलगी किंवा मुलगा सोबत घेतो, त्याला दिवसाचे मानधन देतो आणि नंतर उपशीर्षके त्याच्याकडून तपासून घेतो. चिंबोरी, निवटी, जिताडा यांना एकाच ‘मासे’ या शब्दात गुंडाळले की माहितीपट गरीब होतो.

जमिनीच्या प्रश्नाविषयी मी दिग्दर्शकाला पहिल्याच बैठकीत सांगतो, की समोर दिसते ते सिडकोने १९७० नंतर वसवलेले शहर आहे आणि तुम्ही ज्यांना ‘पारंपरिक मच्छीमार’ म्हणता त्यांतले अनेक जण प्रकल्पग्रस्त आहेत, साडेबारा टक्के (घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायचा विकसित भूखंडाचा वाटा) हा शब्द त्यांच्या प्रत्येक वाक्यात येईल आणि तुम्हाला तो समजला पाहिजे. मात्र व्हिसाच्या अर्जातले कथासूत्र पक्ष्यांचे आणि चित्रीकरण आंदोलनाचे, असे करता येत नाही. तो विषय घ्यायचा असेल तर अर्जातच लिहावा लागतो. काही जण लिहितात.

करावे_गाव:

सविस्तर उत्तराबद्दल आभार. काकांना वाचून दाखवले. ते म्हणाले, टीशर्ट पहिल्या धुण्यात आटला.

हिशेबनीस:

धाग्यात पैशाचा उल्लेख आला म्हणून व्यवसायाने सनदी लेखापाल या नात्याने थोडे लिहितो. परदेशी संस्थेकडून परकीय चलनात मोबदला मिळाला म्हणजे ती आपोआप सेवेची निर्यात ठरते आणि वस्तू व सेवा कर लागत नाही, असे समजू नये. करारात तुम्ही स्वतः सेवा देता असे लिहिले आहे की दुसऱ्यांच्या सेवा जुळवून देता असे लिहिले आहे, हे नीट पाहावे. ‘मध्यस्थ’ या एका शब्दावरून अनेक वर्षे वाद झाले आहेत. करार सहीआधी दाखवा, सहीनंतर नव्हे. नोंदणी असेल आणि कर न भरता निर्यात दाखवायची असेल तर हमीपत्र त्या आर्थिक वर्षासाठी आधी दाखल केलेले असावे. बँकेकडून परकीय चलन आल्याचे प्रमाणपत्र प्रत्येक हप्त्याला मागून ठेवा. होडीवाल्यांना, चालकांना रोख देण्याची पद्धत आहे, पण एका व्यक्तीला एका दिवशी दहा हजारांपेक्षा जास्त रोख दिलेला खर्च आयकरात मान्य होत नाही. हल्ली होडीवरही यूपीआयचा फलक असतो, त्याचा वापर करा.

साकेतपूल:

हिशेबनीस यांच्या प्रतिसादाला माझी एकच पुरवणी. निम्मी रक्कम चमू विमानात बसण्यापूर्वी खात्यात आली पाहिजे आणि उरलेली ते परत जाण्यापूर्वी. ‘आमचा लेखा विभाग साठ दिवसांनी पैसे देतो’ हे वाक्य युरोप-अमेरिकेत सभ्य समजले जाते. इथे खलाशाला साठ दिवस थांबा म्हणून सांगायचे काम आपल्या वाट्याला येते.

ऐरोलीकर:

बोटीच्या सुरक्षेबद्दल कोणी लिहिले नाही. मासेमारीची होडी प्रवासी नेण्यासाठी असते का?

साकेतपूल:

नसते, म्हणूनच तो प्रश्न हलका घेऊ नये. जाळे टाकणाऱ्या कोळ्याच्या होडीत एक कॅमेरामन बसतो तेवढे वगळता, चमूला नेण्यासाठी प्रवासी वाहतुकीची परवानगी असलेली बोटच भाड्याने घ्यावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीचा अपघात झाला, तेव्हापासून लाइफ जॅकेटची विचारणा कडक झाली आहे. ती आधीच व्हायला हवी होती. चमूचा विमा इथल्या माणसांना लागू आहे का, हेही विचारा. पुष्कळदा तो फक्त परदेशातून आलेल्या चार जणांचा असतो आणि तांडेल, खलाशी, चालक, आपण असे सगळे त्याच्या बाहेर असतो.

बोटीवरचीच एक फजिती सांगतो. करावे-बेलापूरच्या बाजूने खाडीत उतरले की पलीकडच्या काठावर ट्रॉम्बेचे घुमट दिसतात. तो अणुसंशोधन केंद्राचा परिसर असून तिकडे कॅमेरा वळवायचा नसतो. मी हे सकाळी कॅमेरामनला सांगितले होते, पण पक्ष्यांचा थवा उडाला आणि कॅमेरा थव्यामागे त्याच दिशेला फिरला. गस्तीच्या बोटीने आम्हाला थांबवले. कागद नीट होते, अधिकाऱ्यांनी चित्रफीत पाहिली, तो भाग आमच्याकडून काढून टाकून घेतला आणि दीड तासाने सोडले. वागणूक सभ्य होती. पण तोवर ओहोटी लागली, बोट चिखलात रुतली आणि पुढचे चार तास आम्ही खाडीत बसून होतो. दोष माझाच. तोंडी सांगण्याऐवजी मी आता नकाशावर लाल रेघ मारून तो कागद कॅमेऱ्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवतो.

नवखी_निर्माती:

अद्ययावत माहिती देते. भरतीचा तक्ता आणि बारा वाजताचे छायाचित्र पाठवले. दिग्दर्शिका ठरल्या दिवशी परत जाणार, कॅमेरामन आणि ध्वनिमुद्रक वद्य पंचमीपर्यंत थांबणार. होडीची आणि बुडालेल्या रोजाची ओळही मान्य झाली, दाखवणीच्या कलमावर त्यांचे वकील विचार करत आहेत. दोन शंका उरल्या. हे दोघे जादा दिवस हॉटेलऐवजी सीवूड्सला माझ्या मावशीच्या रिकाम्या सदनिकेत राहिले तर चालेल का? आणि चतुर्थीला तीनची भरती धरली तर तळ्यावर किती वाजता बसावे?

साकेतपूल:

मावशींना विचारून पाहा, पण परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत सरकारी संकेतस्थळावर भरण्याची जबाबदारी घरमालकाची असते, हॉटेल ते रोजच करत असते. मावशींना ती दगदग नको असेल तर हॉटेलच बरे. विमानात चढवायच्या बॅटऱ्यांचेही आताच सांगून ठेवतो. १०० वॅट-तासांपर्यंतच्या हातातल्या सामानात चालतात, १०० ते १६० च्या दोनच आणि त्याही विमान कंपनीच्या संमतीने, त्यावरच्या नाहीत. परतीच्या रात्री यावरून वाद नको.

तळ्यावर साडेबारालाच बसा. पाणी पूर्ण चढण्याच्या दीड-दोन तास आधीपासून थवे यायला लागतात आणि पक्षी उतरत असताना माणूस हलला तर ते पलीकडच्या टोकाला जातात. मळकट रंगाचे कपडे घाला, गाडी लांब उभी करा, चालकाला हॉर्न न वाजवण्याची शपथ घाला. एकदा बसलात की सूर्य मावळेपर्यंत उठता येणार नाही, म्हणून जेवण बरोबर न्या. वद्य चतुर्थी म्हणजे त्या दिवशी संकष्टी आहे. तुमचा उपास असेल तर खिचडीचा डबा विसरू नका, चंद्रोदय पक्ष्यांच्या बराच नंतर आहे.